तात्पुरती इजा

भोपाळ वायुकांडाच्या भरपाईचे दावे १९९२पासून निकाली निघू लागले. पुढे पावणेसहा लाखांच्या आसपास दावे मंजूर झाले. त्यांतल्या दर दहांपैकी नऊ दाव्यांवर एकच शेरा पडला: तात्पुरती इजा. शेरा मारणाऱ्यांच्या लेखी गोष्ट सोपी होती. वायू आला, डोळे चुरचुरले, छाती भरून आली आणि काही दिवसांनी माणूस पूर्ववत झाला. असल्या दुखण्याची सुरुवातीची किंमत बहुतेकांच्या बाबतीत पंचवीस हजार रुपयांच्या घरात ठरली.

हा शेरा पडू लागला त्याच्या कितीतरी आधी मुंबईत, परळला, वेगळेच काही लिहून ठेवले गेले होते. केईएम रुग्णालय आणि टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था तेव्हा एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. वसई-विरारचा माणूस मोठे दुखणे निघाले की लोकल पकडून दादरला किंवा तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोडला उतरे आणि केईएमच्या नाहीतर टाटाच्या दाराशी उभा राही. १९८५ साली तिथे भोपाळच्या माणसांचे रक्त तपासले जात होते. त्या तपासणीत जे दिसले, त्याचा संबंध आज आपल्या पालघर जिल्ह्याशी, विशेषतः बोईसर-तारापूरच्या किनाऱ्याशी कसा येतो, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

मुळात रसायने आपल्याकडे आली कशी, ते थोडक्यात. साठचे दशक हे धान्यटंचाईचे आणि मोठ्या आशेचे. संकरित बियाणे आले, त्यामागे खत आणि कीटकनाशक आले. तुर्भ्याला (ट्रॉम्बेला) तेलशुद्धीकरण आणि पेट्रोरसायने उभी राहिली. त्यांत युनियन कार्बाइडचाही कारखाना होता, म्हणजे हे नाव मुंबईला भोपाळच्या आधीपासून ओळखीचे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, आपली एमआयडीसी, १९६२ साली स्थापन झाली. मुंबईत जागा उरली नाही तसे कारखाने ठाणे-बेलापूर पट्ट्यात सरकले आणि मग आणखी उत्तरेला. तारापूरची अणुभट्टी १९६९मध्ये वीज देऊ लागली. सत्तरच्या दशकात बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला तारापूर औद्योगिक वसाहत वाढली. मागास भाग म्हणून सवलती होत्या, रेल्वे होती, पाणी होते. आणि सांडपाणी सोडायला समुद्र होता, हे कोणी मोठ्याने बोलत नसे इतकेच. रंग, रंगांची मध्यवर्ती रसायने, औषधांचा कच्चा माल, कीटकनाशके, कापडावरच्या प्रक्रिया असे सगळे उद्योग तिथे एकाला एक लागून उभे राहिले. राज्याच्या सीमेपलीकडे वापीत तेच घडत होते.

त्या काळी विषाची व्याख्या सरळ होती. माणूस पडला तर विष, उभा राहिला तर काही नाही. कारखाना निरीक्षकही तसेच पाहत आणि कामगारही. डोके दुखले, दोन दिवस सुट्टी घेतली, परत पाळीवर हजर.

युनियन कार्बाइडचा भोपाळचा कारखाना १९६९पासून चालू होता. सेव्हिन हे कीटकनाशक तिथे तयार होई. त्यासाठी लागणारा मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे एमआयसी, सुरुवातीला बाहेरून येत असे. १९८०पासून तो तिथेच बनू लागला आणि मोठ्या टाक्यांत साठवला जाऊ लागला. २ डिसेंबर १९८४च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. एमआयसी आणि पाणी यांची गाठ पडली की प्रचंड उष्णता निर्माण होते. टाकी तापली, दाब वाढला आणि सुमारे चाळीस टन वायू झोपलेल्या वस्त्यांवर उतरला. मृतांचा सरकारी आकडा पाच हजारांवर आहे. भोपाळकर त्याच्या कितीतरी पट सांगतात.

पहाटे हमिदिया रुग्णालयात गर्दी उसळली तेव्हा डॉक्टरांना उपचार काय करायचा ते माहीत नव्हते. कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे म्हणणे होते की हा अश्रुधुरासारखा त्रासदायक वायू आहे, प्राणघातक नाही. या म्हणण्यामागे एक रासायनिक तर्कही होता आणि तो पुढे बरीच वर्षे टिकला. एमआयसी पाण्याशी इतक्या वेगाने संयोग पावतो की डोळ्यांच्या आणि फुप्फुसांच्या ओल्या अस्तरावरच तो संपणार. रक्तात पोचणारच नाही. मग इजा होईल ती डोळ्यांना आणि फुप्फुसाला. बाकीचे शरीर सुरक्षित. तात्पुरत्या इजेची कल्पना खरी इथे रुजली. भरपाईचे शेरे ही नंतरची गोष्ट.

विरुद्ध बाजूचा संशयही पहिल्या दिवसांतच उभा राहिला. भोपाळचे न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. हिरेश चंद्र यांना शवविच्छेदनात रक्ताचा रंग असाधारण लाल दिसला, सायनाइडच्या विषबाधेत दिसतो तसा. सोडियम थायोसल्फेटचे इंजेक्शन द्यावे की न द्यावे यावरून डॉक्टर, सरकार आणि कंपनी यांच्यात जे रणकंदन माजले, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की विष फुप्फुसापलीकडे गेले का, हा प्रश्न आता केवळ प्रयोगशाळेतला राहिला नव्हता. हो म्हटले तर उपचार बदलत होता आणि भरपाईही.

महाराष्ट्रातून भोपाळला गेलेल्यांत तीन प्रकारची माणसे होती. पहिली, चळवळीतले डॉक्टर. १९७४पासून काम करणाऱ्या मेडिको फ्रेंड सर्कलने मार्च १९८५मध्ये कारखान्याजवळच्या जयप्रकाशनगरची आणि दूरच्या अण्णानगरची घरोघर पाहणी केली. दोन्हींकडे गरिबी सारखी, घरे सारखी. फरक फक्त वायूचा. त्यामुळे जी तफावत दिसली ती गरिबीच्या माथी मारता येईना. दुसरे नाव डॉ. राणी बंग यांचे. पुढे गडचिरोलीच्या कामामुळे त्या महाराष्ट्राला माहीत झाल्या, पण १९८५च्या सुरुवातीला त्या आणि डॉ. मीरा सदगोपाल भोपाळच्या वस्त्यांत स्त्रियांची तपासणी करत होत्या. अंगावरून जाणे, ओटीपोटातली सूज, पाळीत जास्त रक्तस्राव, अंगावरचे दूध आटणे: या तक्रारी फुप्फुसाच्या नव्हत्या. सरकारी यंत्रणेने तोवर स्त्रियांना त्याबद्दल विचारलेच नव्हते, कारण वायू छातीत जातो, गर्भाशयात नाही, असे गृहीत धरले होते.

तिसरा गट परळचा. केईएमचे छातीविकारतज्ज्ञ डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वायू लागलेल्या ११३ जणांना हाती धरले आणि सोडले नाही. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने, दोन वर्षांनी पुन्हा पुन्हा तपासले. श्वासाची क्षमता मोजली, मनावरचा परिणाम नोंदवला आणि रक्तातली प्रतिकारव्यवस्था पाहिली. हे काम दिसायला कंटाळवाणे आहे. वर्तमानपत्रात त्याचा मथळा होत नाही. पण ‘तात्पुरती’ या शब्दाला उत्तर द्यायचे तर तोच माणूस दोन वर्षांनी पुन्हा समोर बसवावा लागतो, दुसरा उपाय नाही. बऱ्याच जणांची धाप दोन वर्षांनीही गेलेली नव्हती.

रक्ताचा प्रश्न कर्करोग संशोधन संस्थेकडे गेला. संस्थेचे संचालक डॉ. माधव देव, प्रतिकारशास्त्राच्या प्रमुख डॉ. सुधा गंगल, पेशींचे अभ्यासक डॉ. भिसे आणि त्यांचे सहकारी यांनी वायुग्रस्तांच्या रक्ताची दोन अंगांनी तपासणी केली: प्रतिकारशक्तीचे काय झाले आणि गुणसूत्रांचे काय झाले. १९८७ साली त्यांचा अहवाल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या नियतकालिकाच्या खास पुरवणीत प्रसिद्ध झाला. प्रतिकारशक्ती आणि जनुके हे दोन विषय एकाच अभ्यासात एकत्र मांडणे त्या काळी आपल्याकडे नवे होते. आज जगभर विषशास्त्र याच दोन गोष्टींना एकत्र धरून चालते.

त्याच वर्षी आणखी एक शोधनिबंध आला. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या मेरिल कॅरोल, परळचे कामत, टास्कर आणि सुधा गंगल यांनी मिळून एक नेमका प्रश्न विचारला होता: भोपाळच्या रक्तात एमआयसीविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात का? प्रतिपिंड म्हणजे शरीराने एखाद्या परक्या वस्तूची ठेवलेली ओळख. एमआयसीचा रेणू इतका लहान की एकटा असेल तर शरीर त्याची दखलही घेणार नाही. तो शरीरातल्या प्रथिनाला चिकटला तरच ते प्रथिन परके वाटते आणि प्रतिपिंडे तयार होतात. काही जणांच्या रक्तात ती सापडली. प्रमाण कमी होते आणि काही महिन्यांत ते आणखी उतरले, हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे. पण सापडली. म्हणजे वायू ओल्या अस्तरावर संपला नव्हता. शरीराच्या प्रथिनांशी त्याची गाठ पडली होती. पुढे ज्येष्ठ विकृतिशास्त्रज्ञ डॉ. एस. श्रीरामाचारी यांच्या कामातून हिमोग्लोबिनलाही त्याची खूण चिकटल्याचे दिसले.

लखनौच्या औद्योगिक विषशास्त्र संशोधन केंद्राने घटनेनंतर अडीच महिन्यांनी केलेल्या तपासणीत वायुग्रस्तांच्या रक्तातल्या टी-पेशींचे प्रमाण सर्वसाधारण भारतीयाच्या निम्म्याहूनही कमी भरले. टी-पेशी हे प्रतिकारव्यवस्थेचे मुख्य बळ. क्षयाच्या जंतूला आवर घालण्यात यांचाच मोठा वाटा. दाटीवाटीच्या वस्तीत राहणाऱ्या, आधीच अर्धपोटी असलेल्या माणसाच्या टी-पेशी घटल्या, तर पुढे काय होईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

इथे हा अभ्यास वाढायला हवा होता. आयसीएमआरने ८०,०२१ वायुग्रस्त आणि तुलनेसाठी १५,९३१ इतर माणसांची नोंद करून दीर्घ पाहणी सुरू केली होती. जगातल्या कोणत्याही औद्योगिक अपघातात इतकी मोठी नोंद क्वचित झाली असेल. १९९४मध्ये ही पाहणी थांबली आणि तिचा अहवाल छापायला २००४ उजाडले. मधल्या काळात, फेब्रुवारी १९८९मध्ये, सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरवर तडजोड होऊन गेली होती. पाहणी अर्धी होती तेव्हाच किंमत ठरली. पैशाचा हिशेब आधी, रोगाचा हिशेब नंतर, हा क्रम आपल्याकडे तेव्हा जो पडला तो अजून तसाच आहे.

इटलीत याच्या उलटे घडले होते. १० जुलै १९७६ रोजी मिलानजवळच्या सेव्हेसोत एका कारखान्यातून डायॉक्सिनचा ढग बाहेर पडला. माणसे लगेच मेली नाहीत. कोंबड्या, ससे मेले, मुलांच्या चेहऱ्यांवर फोड आले. रक्तात डायॉक्सिन किती आहे हे मोजण्याची सोय तेव्हा जगात नव्हती. तरीही तिथल्या डॉक्टरांनी हजारो लोकांचे रक्त घेतले आणि गोठवून ठेवले. दहाएक वर्षांनी मोजण्याची पद्धत निघाली, तेव्हा त्या बाटल्या उघडल्या गेल्या. कोणाला किती विष लागले होते हे अंदाजाने सांगावे लागले नाही. जवळजवळ दोन दशकांनी त्याच भागातल्या लोकांना पुन्हा तपासले, तेव्हा ज्यांच्या रक्तात डायॉक्सिन जास्त त्यांच्यात आयजीजी या प्रतिपिंडाचे प्रमाण कमी आढळले. बाहेरून धडधाकट दिसणारी माणसे ती.

सेव्हेसोच्याच वर्षी, १९७६मध्ये, अमेरिकेत अॅलन पोलंड आणि सहकाऱ्यांनी डायॉक्सिन पेशीत नेमके कुठे बसते ते दाखवले. पेशीत त्याच्यासाठी जणू राखून ठेवलेला एक ग्राही आहे. डायॉक्सिन त्यावर बसते, ती जोडी केंद्रकात जाते आणि एरवी शांत असलेली काही जनुके जागी करते. प्रयोगातल्या प्राण्यांत थायमस ही ग्रंथी आक्रसते, आणि टी-पेशी तयार होऊन बाहेर पडतात त्या तिथूनच. म्हणजे विषाने पेशी जाळली नाही, तोडली नाही. तिला चुकीच्या वेळी चुकीचा हुकूम दिला.

हुकूम बदलतो तरी कसा, याचे उत्तर गेल्या तीसेक वर्षांत बरेच स्पष्ट झाले आहे. आपल्या प्रत्येक पेशीतली जनुकसंहिता सारखीच. पण यकृताची पेशी त्यातला एक भाग वाचते, रक्ताची दुसरा. जुन्या पोथीत नको असलेल्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवावी तशा छोट्या रासायनिक खुणा डीएनएवर चिकटलेल्या असतात. मजकूर तोच राहतो, पण पट्टीखालचा वाचला जात नाही. काही रसायने या पट्ट्या नको तिथे चिकटवतात किंवा हव्या तिथल्या काढून टाकतात. गुणसूत्र तुटले तर ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. १९८५ साली परळला तेच शोधता येत होते. पट्टी सरकलेली मात्र तेव्हा दिसत नव्हती.

ती दिसू लागली तेव्हाही परळ पुढेच होते. राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था केईएमच्याच परिसरात. तिथे डॉ. गीता वानगे यांच्या गटाने प्लॅस्टिकच्या डब्या-बाटल्यांत आणि डबाबंद पदार्थांच्या अस्तरात वापरल्या जाणाऱ्या बिस्फेनॉल-ए या रसायनाचा उंदरांवर अभ्यास केला. नवजात पिलांना ते दिले. पिले मोठी झाली, दिसायला ठीक होती. पण नरांच्या वृषणात इस्ट्रोजेन-ग्राहीच्या जनुकाच्या सुरुवातीला या खुणा नको तितक्या वाढलेल्या आढळल्या. हा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. त्याआधीच्या प्रयोगांत याच गटाला नरांच्या प्रजननक्षमतेवरचा परिणाम पुढच्या पिढ्यांतही दिसला होता, ज्या पिढ्यांना रसायन थेट दिलेलेच नव्हते. उंदरांचे माणसाला जसेच्या तसे लावता येत नाही, हे खरे. पण रसायन काही दिवस आले आणि गेले, खूण मात्र मोठेपणीही राहिली, एवढे तर त्यातून नक्की दिसते.

भोपाळकडेही शास्त्रज्ञ पुन्हा वळले. वायूच्या रात्री जे आईच्या पोटात होते, ते वीस-बावीस वर्षांचे झाल्यावर त्यांचे रक्त तपासले गेले. भोपाळ स्मारक रुग्णालयाच्या गटाबरोबर या अभ्यासात मुंबईच्या टाटा स्मारकचे डॉ. इंद्रनील मित्राही होते. २००९च्या त्यांच्या निबंधात प्रतिकारव्यवस्था दुबळी नाही, उलट सतत उत्तेजित असल्याचे दिसले. वरवर पाहता हे १९८५च्या निष्कर्षाच्या उलट आहे. मला त्यात विसंगती वाटत नाही. प्रतिकारव्यवस्था बिघडते तेव्हा ती एकाच दिशेने बिघडत नाही. कुठे ढिली पडते, कुठे विनाकारण भडकते. संसर्गाशी लढायला कमी पडणारे आणि स्वतःच्याच सांध्यांवर उठणारे असे दोन्ही बिघाड एका मुळाचे असू शकतात. २०२३मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्थशास्त्रज्ञांनी सरकारी आरोग्य पाहण्यांचे आकडे चाळले, तेव्हा भोपाळच्या आसपास त्या वेळी गर्भात असलेल्या पुरुषांत अपंगत्वाचे आणि कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले. त्याच वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाढीव भरपाईची केंद्र सरकारची याचिका फेटाळली.

भोपाळ एका रात्रीत घडले. पालघरमध्ये जे चालले आहे त्याला रात्र नाही, तारीख नाही.

नवापूर, दांडी, उच्छेळी, मुरबे, सातपाटी ही मांगेला, कोळी, वैती समाजाची किनारपट्टी. सातपाटीचे पापलेट मुंबईच्या बाजारात नावाने विकले जाते. तारापूर वसाहतीचे सांडपाणी नाल्यांतून, वाहिनीतून नवापूरच्या समुद्रात येत राहिले. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची क्षमता होती दिवसाला अडीच कोटी लिटरची. येणारे पाणी त्याहून कितीतरी जास्त. मासे मेले की बातमी येई, अधिकारी येत, नमुने घेत, जात. शेवटी अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली पुण्यात राष्ट्रीय हरित लवादाचे दार ठोठावले. मच्छीमारांच्या संघटनेने एका संपूर्ण औद्योगिक वसाहतीला कायद्याच्या पिंजऱ्यात उभे करावे, ही या जिल्ह्याच्या इतिहासातली लहान घटना नाही.

लढा चालू असतानाच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ सालचा औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला. देशातल्या शंभर क्षेत्रांत तारापूर पहिले आले: ९३.६९. दिल्लीचे नजफगड, मथुरा, सगळे मागे. २००९च्या यादीत तारापूरचे गुण ७२.०१ होते. नऊ वर्षांतली ही प्रगती. जानेवारी २०२२मध्ये लवादाने शंभराच्या आसपास कारखान्यांना आणि प्रक्रिया केंद्र चालवणाऱ्या संस्थेला कोट्यवधींची भरपाई ठोठावली. त्याविरुद्ध प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

या लढ्याचे मोल मी कमी करत नाही. पण त्यातला हिशेब कशाचा झाला ते पाहा. केंद्रीय मंडळाच्या भरपाईच्या सूत्रात प्रदूषणाचा गट येतो, उल्लंघनाचे दिवस येतात, कारखान्याचा आकार येतो, जवळच्या वस्तीची लोकसंख्याही येते. त्या लोकसंख्येतल्या कोणाच्या रक्तात काय सापडले, याला सूत्रात जागा नाही. प्रदूषण निर्देशांकातही शंभरापैकी आरोग्याला दहा गुण, आणि तेही परिसरातल्या मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींवरून. दमा, जुलाब, मूत्रपिंडाचे विकार असे किती रुग्ण आले, ते मोजायचे. जो रुग्णालयात गेलाच नाही, ज्याला वर्षातून चारदा सर्दी-खोकला होतो आणि जो ठेल्यावरून गोळी घेऊन पाळीवर जातो, तो या हिशेबात कुठेच नाही.

सांडपाण्याची परीक्षा मुख्यतः सीओडी-बीओडीवर होते, म्हणजे त्यातली घाण कुजायला-जाळायला किती प्राणवायू लागतो त्यावर. ढोबळ घाण त्यातून कळते. जनुकांवर खुणा करणारी रसायने मात्र इतक्या अल्प प्रमाणात काम करतात की सीओडीचा काटा त्यांच्यासाठी हलतही नाही. किती अल्प, त्याचे एक उदाहरण पुरे. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर पाइलट देवमाशाचे मांस खातात, आणि त्यातून नॉनस्टिक भांड्यांच्या, जलरोधक कापडाच्या व्यवसायातली पीएफएएस ही रसायने मुलांच्या अंगात जातात. २०१२मध्ये तिथल्या ५८७ मुलांच्या अभ्यासात असे दिसले की पाचव्या वर्षी रक्तातले पीएफएएस दुप्पट असेल, तर सातव्या वर्षी धनुर्वात आणि घटसर्पाच्या लशींची प्रतिपिंडे जवळजवळ निम्मी असतात. मुलांना लस दिली होती, कार्डावर शिक्का होता. संरक्षण अर्धेच शिल्लक होते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२०मध्ये लशींच्या प्रतिपिंडांवरच्या अशाच परिणामाच्या आधारे आठवड्याची मर्यादा ठरवली: वजनाच्या दर किलोमागे ४.४ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.

हे आपल्यापासून लांब आहे असे वाटत असेल, तर लोटे-परशुरामकडे पाहा. इटलीतल्या त्रिस्सिनो गावचा मितेनी हा पीएफएएसचा कारखाना परिसरातले पाणी नासवून २०१८मध्ये दिवाळखोरीत गेला. त्याची यंत्रसामग्री २०१९मध्ये लिलावात विकली गेली आणि जहाजाने रत्नागिरी जिल्ह्यात आली. जून २०२५मध्ये व्हिचेंझाच्या न्यायालयाने मितेनीशी संबंधित अकरा माजी अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावल्या. यंत्रे तोवर कोकणात पोचलेली होती.

तारापूरला अपघात होतात तेव्हा सगळे धावतात. ११ जानेवारी २०२०चा स्फोट, ऑगस्ट २०२५ची चार कामगारांचा जीव घेणारी वायुगळती, या तारखा नोंदल्या जातात, मंत्री येतात, मदत जाहीर होते. अपघाताच्या आदल्या आणि नंतरच्या हजारो साध्या दिवसांची नोंद ठेवायला भोपाळनंतर कायदा झाला होता. कारखाना अधिनियमाच्या १९८७च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराला आपण कोणत्या रसायनाजवळ उभे आहोत हे कळण्याचा हक्क दिला आणि त्याच्या आरोग्याची नोंद ठेवण्याचे बंधन मालकावर घातले. पहाटेच्या गाडीने विरारहून बोईसरला जाणाऱ्या कंत्राटी कामगाराला विचारा, त्याची अशी नोंदवही कुठे आहे. ठेकेदार बदलला की माणूस बदलतो आणि इतिहास कोरा होतो. वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांत तर कोणता पिंप कशाचा, हेही आत काम करणाऱ्याला ठाऊक असेल याची खात्री नाही. वसईने पाण्यासाठी, हिरवाईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारख्यांच्या मागे उभे राहून मोठा लढा दिला. तो लढा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींसाठी होता, विहिरी, झाडे, टँकर. न दिसणाऱ्या गोष्टींसाठी अजून कोणी उभे राहिलेले नाही.

एका रसायनामुळे एका माणसाला एक रोग झाला, हे न्यायालयात सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते, आणि तारापूरसारख्या ठिकाणी, जिथे शेकडो रसायने एकाच नाल्यात मिसळतात, तिथे ते कधीच जमणार नाही. म्हणूनच भोपाळची ८०,०२१ माणसांची नोंद मोलाची होती आणि ती दहा वर्षांत थांबवणे हा मोठा अपराध होता, असे माझे मत आहे. समूहात जे दिसते ते एकट्या माणसात दिसत नाही. तंत्र आता महाग राहिलेले नाही. लशीची प्रतिपिंडे मोजता येतात, टी-पेशी मोजता येतात, डीएनएवरच्या खुणाही वाचता येतात, आणि हे सारे जिथे होते ते परळ बोईसरपासून लोकलने दोन-अडीच तासांवर आहे.

तेव्हा प्रदूषण मंडळाच्या पुढच्या जनसुनावणीला जाल, तेव्हा पाण्याच्या नमुन्यांबरोबर आणखी तीन मागण्या लेखी द्या आणि पोचपावती घ्या. नवापूर ते सातपाटी किनाऱ्यावरच्या आणि वसाहतीला लागून असलेल्या गावांतल्या कुटुंबांची कायम नोंद. शाळकरी मुलांच्या लशींच्या प्रतिपिंडांची तपासणी. आणि जे आज मोजता येत नाही ते उद्या मोजता यावे म्हणून, सेव्हेसोत झाले तसे, लोकांच्या संमतीने घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यांची साठवण. लवादाची भरपाई जेव्हा जमा होईल तेव्हा तिच्यातला पहिला खर्च यावर व्हावा.